लिंबाला लिंबू का लागत नाही? (सोलापूर, परसबाग, नवशिकी)

शेणसडा | २४ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. पाच-सहा वर्षं इथं नुसती वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

गेल्या दिवाळीत पुण्यातलं बिऱ्हाड आवरून सोलापूरला सासरच्या घरी राहायला आलो. घर जुनं, मागे साधारण तीस बाय वीस फुटांचं परस. माती काळी, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, बाकी भिस्त बोअरवर, आणि बोअरचं पाणी असं की बादलीला पांढरा थर धरतो.

सासऱ्यांनी लावलेलं कागदी लिंबू आहे, सहा वर्षांचं. डोक्याच्या वर गेलंय, हिरवंगार आहे, काटे तर विचारू नका. पण आजतागायत एक फूल नाही. सासूबाई म्हणतात बुंध्यात खिळा मार. मला धीर होत नाही.

टोमॅटोची कथा वेगळी. एका व्हिडिओत पाहिलं की थंडी सरली की टोमॅटो लावायचे. फेब्रुवारीअखेर बारा रोपं लावली. एप्रिलमध्ये फुलांनी लदलदली आणि सगळी फुलं देठासकट गळाली. एकूण टोमॅटो आले चार, त्यातले दोन बुलबुलांनी नेले. पालक हातभर व्हायच्या आत तुऱ्यावर आला. भेंडी आणि गवार तेवढी उभी आहे, पण भेंडीच्या पानांवर पिवळी जाळी दिसतेय. खाल्लेल्या पपईच्या बिया टाकल्या होत्या, त्यातलं एक झाड पाच फूट झालंय आणि त्याला फुलांचे लांब लांब लोंबते घोस आलेत. त्याचा मात्र आनंद आहे.

आता पावसाळ्याआधी काय करू? कुठून सुरुवात करू?

---

गच्चीवाला | २४ मे, रात्री ११.०५

प्रचि (प्रकाशचित्रं) टाका. प्रचिशिवाय निदान नाही.

(पपईचा आनंद इतक्यात नको. लांब देठावर लोंबते घोस म्हणजे नर. तो फळ देणार नाही.)

---

बाभूळबन | २५ मे, सकाळी ६.१०

ताई, एकच विचारतो. मोरीचं पाणी कुठं जातं?

---

शेणसडा | २५ मे, सकाळी ९.३०

काका, लिंबाच्याच आळ्यात जातं. मोरीचं आणि वॉशिंग मशीनचंही. म्हणून तर ते उन्हाळ्यातही हिरवंगार आहे ना!

गच्चीवाला, प्रचि टाकलेत. आणि पपईबद्दल वाचून दुपारपर्यंत बोलणार नाही तुमच्याशी.

---

बाभूळबन | २५ मे, दुपारी २.२०

मग उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. हिरवंगार आहे म्हणूनच फळत नाही.

लिंबूवर्गातलं झाड आपल्याकडच्या उष्ण हवेत बारा महिने वाढू शकतं. पाणी मिळत राहिलं की पालवी, पालवी, पुन्हा पालवी. फुलावर यायला त्याची वाढ थांबावी लागते. थंड मुलखात ते काम थंडी करते, आपल्याकडे ते पाण्याच्या ताणानं होतं. म्हणून आपले बागायतदार बहार धरतात. मृग बहार जून-जुलैत फुलतो, हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरात, आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत. कुठलाही धरा, त्याआधी पाणी तोडावं लागतं. तुमच्या झाडाचं पाणी सहा वर्षांत एक दिवस तुटलेलं नाही.

सासूबाईंचा खिळा हाही ताणच आहे, फक्त जखम करून दिलेला. कधी लागू पडतो, कधी त्याच भोकातून डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) शिरतो. नका मारू.

पण आत्ता ताण देऊ नका. त्रेचाळीस डिग्रीत, तेही ज्या झाडाची मुळं रोज ओल्यात लोळली आहेत त्याचं पाणी तोडलंत तर फुलाऐवजी वाळकं सरपण मिळेल. आत्ता तीन कामं करा.

पहिलं, मोरीचं पाणी पाइप टाकून परसाच्या दुसऱ्या कोपऱ्यात न्या आणि तिथं केळ लावा, शेजारी अळू. आपल्याकडे मोरीवर केळ, अळू, कर्दळ का असायची? त्यांना पाय ओले चालतात. लिंबाला चालत नाहीत. पाणी एकदम तोडू नका, पाऊस लागेपर्यंत आठवड्याला एकदा बोअरचं द्या.

दुसरं, बुंध्याभोवती दुहेरी आळं करा. आतलं वर्तुळ हातभर अंतरावर, तिथं मातीची भर देऊन उंच ठेवा. पाणी बाहेरच्या वर्तुळात. बुंधा कोरडा राहिला पाहिजे.

तिसरं, पावसाआधी बुंध्याला अडीच-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा. लोखंडी भांडं घेऊ नका.

ताणाचं डिसेंबरात बोलू. तोवर काटे मोजा.

---

वऱ्हाडी_ठेचा | २५ मे, संध्याकाळी ७.४५

काकांना अनुमोदन. आमच्याकडे संत्र्याला आंबिया बहार म्हणतात, तुमचा तो आंबे बहार. नागपूरकडचा संत्रावाला पाऊस कमी पडला तर रडतो आणि ताणाच्या दिवसांत अवकाळी आला तरी रडतो. दुसरं रडणं शहरातल्या लोकांना कळत नाही.

एक भर घालतो. प्रचिमध्ये कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतायत. चुनखडीच्या जमिनीत आणि क्षारांच्या पाण्यात झाडाला लोह उचलता येत नाही, त्याचं हे लक्षण. माती खारट नाही, पण विम्ल (अल्कधर्मी) आहे. चिलेटेड (झाडाला सहज उचलता येईल अशा) लोहाची फवारणी करा आणि पावसाचं पाणी जेवढं साठवता येईल तेवढं साठवा.

---

बायूवरची_वहिनी | २६ मे, पहाटे ४.१५

मी ह्यूस्टनहून. टोमॅटोबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना, कारण हेच दुःख मी तीन वर्षं भोगलंय.

ते व्हिडिओ थंड प्रदेशातल्या लोकांचे असतात. त्यांचा प्रश्न थंडीचा, आपला उकाड्याचा. दिवसाच्या उन्हापेक्षा रात्र बघायची. रात्रीचा पारा चोवीस-पंचविसाच्या खाली उतरेना झाला की टोमॅटोचे परागकण कामातून जातात. फूल येतं, फळ धरत नाही, फूल गळतं. झाडाला रोग झालेला नसतो, खत कमी पडलेलं नसतं. मी मात्र त्या तीन वर्षांत बिचाऱ्याला काय काय पाजलं!

आमच्याकडे टोमॅटोचे दोन तुकड्यांत हंगाम. फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये रोपं लावायची ती जूनपर्यंत, मग मधे भेंडी आणि चवळी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये नवी रोपं लावून दिवाळीच्या आसपास पुन्हा टोमॅटो. उन्हाळ्यात लावायचेच असतील तर चेरी टोमॅटो, ते जास्त सोसतात.

अवांतर: २०२१ च्या फेब्रुवारीत इथं बर्फ पडून सगळं गोठलं तेव्हा माझा सात वर्षांचा कढीपत्ता काळा पडला. मी रडून घेतलं आणि खोड जमिनीलगत कापलं. एप्रिलमध्ये मुळातून पाच फुटवे आले. कढीपत्ता सहजी मरत नाही.

---

शंकासूर | २६ मे, सकाळी ११.००

मग नारायणगावला भर उन्हाळ्यात टोमॅटोचे ट्रक कसे भरतात?

---

बायूवरची_वहिनी | २६ मे, संध्याकाळी ६.५०

जुन्नर तालुक्यातली एप्रिलमधली रात्र आणि सोलापुरातली रात्र यांत फरक नाही का? माझं माहेर ओतूर. मे महिन्यात पहाटे गोधडी लागायची आम्हाला.

---

बाभूळबन | २७ मे, सकाळी ६.००

वहिनींनी बरोबर सांगितलं. सोलापुरात घरच्यासाठी टोमॅटो, वांगी, मिरची यांचं बी पोळ्याच्या सुमारास टाकावं आणि महिन्याची रोपं घटस्थापनेच्या आसपास लावावीत. आत्ता मृगाची तयारी करा. दुधी, दोडका, कारलं, काकडी यांच्या वेलांना मांडव घाला. तुराट्या चालतील. भेंडीवर केवडा आहे, म्हणजे ती पिवळी जाळी पाडणारा रोग, तो पांढरी माशी पसरवते. झाडं उपटून टाका, वाचणार नाहीत. नवीन बी घेताना परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या, त्यांना केवडा कमी येतो.

---

शंकासूर | २७ मे, सकाळी १०.३०

मृग, हस्त, पोळा... पंचांग बघून भेंडी लावायची का आता? हवामान बदललंय, काका.

---

गणिती_गवार | २७ मे, रात्री ९.१५

शंकासूर, अर्धं बरोबर, पण भलतंच अर्धं.

पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात. सूर्य मृगात शिरतो तो दिवस दरवर्षी ७ किंवा ८ जून. आर्द्रा २१-२२ जून, हस्त २६-२७ सप्टेंबर. हलत नाहीत. म्हणजे "मृग लागला" आणि "७ जून झाला" ही एकाच गोष्टीची दोन नावं. त्यात श्रद्धा-अंधश्रद्धा काही नाही. पाऊस त्या दिवशी येईल अशी हमी मात्र कुणी दिलेली नाही, आणि आजोबाही मृगाला पेरत नसत, ओल किती खोल गेली ते मूठभर माती दाबून बघत आणि मग पेरत.

सण मात्र चंद्रावर. तिथं काकांशी माझं भांडण आहे. २०२३ ला अधिक श्रावण होता. पोळा पार १४ सप्टेंबरला गेला. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातच झाला होता. पोळ्याला बी टाकायचं ठरवलं तर एखाद्या वर्षी अडीच-तीन आठवडे उशीर, आणि तेवढाच उशीर पुढे टोमॅटोला फेब्रुवारीच्या उन्हात नेतो. पूर्वा धरा, ३० ऑगस्ट.

---

बाभूळबन | २८ मे, सकाळी ६.०५

मान्य. चाळीस वर्षं पोळा सांगत आलो. अधिकमासाच्या वर्षी लोक "यंदा रोपं मागं पडली" म्हणायचे आणि मी पावसाला दोष द्यायचो.

---

शेणसडा | ११ जून, रात्री ९.५०

धागा वर काढतेय. पाइप टाकला, केळीचा मुनवा (बुंध्याशी येणारं पिल्लू) आणि अळूचे कंद लावले. पाऊस दोनदा झाला. वेलांच्या बिया रात्रभर भिजवून आळ्यात टोबल्या. नर पपई तोडली. तिच्या जागी आता एक फळझाड लावायचंय. काय लावू? आंब्याला जागा पुरेल?

---

परडं_कोकणातलं | ११ जून, रात्री १०.३०

आंबा लावायचा तर आम्रपाली लावा, झाड बुटकं राहतं. हापूसचा मोह सोलापुरात धरू नका. आम्हा रत्नागिरीकरांना गर्व आहे म्हणून नव्हे, तिकडं तो खरंच मनासारखा येत नाही. (बरं, गर्वही आहे.)

आमच्या परड्यात आता चार महिने मांडवावरचं पडवळ, दोडकं आणि काकडी सोडून काही हातात लागत नाही. जांभ्यावरची माती पावसात धुऊन जाते. आमची खरी भाजी पाऊस गेल्यावर विहिरीच्या पाण्यावर. माठ, मुळा, वांगी, वाल. तुमचं आमचं उलट आहे.

---

वऱ्हाडी_ठेचा | १२ जून, सकाळी ८.१०

तीस बाय वीसमध्ये पेरू. सरदार लावा, त्यालाच लखनौ-४९ म्हणतात. नाव लखनौचं, पण निवड झाली पुण्यात, गणेशखिंडीच्या बागेत. दरवर्षी छाटला तर सहा-सात फुटांत राहतो आणि लिंबासारखा रुसत नाही.

---

शेणसडा | १९ ऑगस्ट, दुपारी ४.००

मदत!! दोन गोष्टी.

१. दुधीचा वेल मांडवभर पसरलाय. रोज पांढरी फुलं, बारक्या दुधी येतात, बोटाएवढ्या होऊन पिवळ्या पडतात आणि गळतात.

२. शेजारच्या गोठ्यातून फुकट शेण मिळालं म्हणून वांग्याच्या वाफ्यात चार पाट्या घातलं. रोपं एकेक करून माना टाकतायत. पाणी भरपूर आहे.

---

बाभूळबन | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ५.१५

रोप उपटून खाली उकरा. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली जाड अळी दिसेल. हुमणी. कच्च्या शेणातून आली. मुळं खाते. सापडतील तेवढ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. शेण फुकटचं असो की विकतचं, कुजून भुसभुशीत होऊन त्याचा वास गेल्याशिवाय मातीत घालायचं नाही.

---

गच्चीवाला | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०

दुधी माझ्याकडे सोपवा. काही झालेलं नाही, लग्न लागत नाहीये एवढंच. नर फूल नुसत्या देठावर, मादी फुलामागे इवली दुधी. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि त्याचे भटजी रात्रीचे पतंग. शहरात दिव्यांच्या झगमगाटात ते कमीच येतात. म्हणून आपण लावायचं. आज सातच्या सुमारास ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. एका नरात दोन-तीन माद्या होतात (वनस्पतीशास्त्राबद्दल बोलतोय).

दोडका आणि पडवळही संध्याकाळचे. भोपळा, काकडी, कारलं, घोसाळं सकाळचे. त्यांना मधमाश्या येतात. भोपळ्याचं फूल तर नऊ-दहाला मिटायला लागतं, चहा नंतर घ्या.

---

शेणसडा | २० ऑगस्ट, रात्री ८.२०

हुमणी निघाल्या. एकवीस. किळसवाण्या!

दुधीची लग्नं लावली. मी स्टुलावर, हे बॅटरी धरून. शेजारच्या काकूंनी गच्चीवरून विचारलं, काय हरवलं का? मी म्हटलं, नाही, पराग टाकतोय. त्यांच्या नातवाचं नाव पराग. पुढचं विचारू नका.

---

शंकासूर | २० ऑगस्ट, रात्री ८.४५

वाचनखूण साठवली. केवळ या प्रतिसादासाठी.

---

शेणसडा | ५ ऑक्टोबर, रात्री १०.१०

दुधी सतरा निघाल्या, नात्यात कुणी उरलं नाही ज्याला दिली नाही. पूर्वा नक्षत्राला (गणिती_गवार, ३० ऑगस्टला) टोमॅटोचं बी टाकलं, काल रोपं वरंब्यावर लावली. पाऊस आत्ता कुठं आलाय खरा, सरीत घोटाभर पाणी होतं, वरंब्यामुळे रोपं वाचली. लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काहीतरी चिकटली आहेत, पुसायला गेले तर हलली!

---

वऱ्हाडी_ठेचा | ६ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या. मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. झाड मोठं आहे, दहा-वीस पानं खाल्ली तर बिघडत नाही. कढीपत्त्यावरही येतील. हातानं काढा, फवारणी कशाला?

---

बाभूळबन | ६ डिसेंबर, सकाळी ६.३०

शेणसडाताई, धागा मीच वर काढतो. आजपासून लिंबाचं पाणी बंद. काळी माती ओल धरून ठेवते, त्यामुळे महिना-सव्वा महिना लागेल. पानं मलूल होतील, पिवळी पडतील, गळतील. चौथाई पानं गळाली की पुरे, त्यापुढे ताणू नका. शेजारच्या टोमॅटोच्या सरीतलं पाणी लिंबाकडे पाझरत नाही ना ते बघा.

---

शेणसडा | २८ डिसेंबर, रात्री ११.३०

काका, बघवत नाही हो. सासूबाई दुपारी तांब्या घेऊन निघाल्या होत्या, मी अडवलं. म्हणाल्या, तुझ्या सासऱ्यांनी लावलंय ते. मला काही बोलता येईना. शेवटी फोनवर तुमचा मे महिन्याचा प्रतिसाद वाचून दाखवला. पूर्ण ऐकला आणि म्हणाल्या, खिळ्याचं मी काही चुकीचं सांगितलं नव्हतं म्हणजे.

टोमॅटो मात्र उतू जातायत. सार, चटणी, भरीत, पुन्हा सार.

---

बाभूळबन | २९ डिसेंबर, सकाळी ६.००

नव्हतंच सांगितलं चुकीचं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

संक्रांतीच्या सुमारास (गणिती_गवार, ही सूर्यावरची आहे, चालेल ना?) बाहेरच्या आळ्यात हलकी खुरपणी करा, दोन बोटांपेक्षा खोल नको, लिंबाची मुळं वरच असतात. दोन पाट्या पूर्ण कुजलेलं शेणखत, किलोभर निंबोळी पेंड. पहिलं पाणी हलकं द्या, चार-पाच दिवसांनी दुसरं, मग नेहमीचं.

---

शेणसडा | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

फुलं!!!

प्रचि टाकतेय. सगळ्या शेंड्यांना पांढऱ्या कळ्या, किंचित जांभळी छटा. सकाळी दार उघडलं की वास घरात येतो. सासूबाईंनी खुर्ची मागच्या दारी हलवली आहे.

---

बायूवरची_वहिनी | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

इथं रात्रीचे आठ वाजलेत आणि मी एकटीच टाळ्या वाजवतेय.

---

शेणसडा | १५ मार्च, रात्री ९.४०

वाटाण्याएवढी लिंबं धरलीत, पण गळतायत. सासूबाई रोज मोजतात. परवा सदतीस, आज एकतीस. काही करायचं का?

---

बाभूळबन | १६ मार्च, सकाळी ६.१०

निम्म्याहून जास्त गळणारच, झाड पेलेल तेवढीच ठेवतं. आता मात्र पाण्यात खाडा करू नका, कोरडं-ओलं-कोरडं झालं तर उरलेलीही जातील. आळ्यात उसाचं पाचट वीतभर पसरा, बुंध्याला चिकटू देऊ नका. फुलापासून फळाला पाच-सहा महिने लागतात, म्हणजे जुलै-ऑगस्ट. पश्चिमेकडून ऊन येत असेल तर दुपारी हिरवी जाळी बांधा.

---

शेणसडा | १६ मार्च, दुपारी १.२०

पाचट आणायला हे गेलेत. मोरीवरच्या केळीला तीन मुनवे आलेत, तलवारीच्या पात्यासारखे. एक ठेवणार आहे. दोन काढायचेत. सोलापूर, मोहोळ, बार्शीकडचं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, येऊन घेऊन जा. येताना पिशवी आणा, टोमॅटोही देईन.